बंद मठाची कथा आणि उघडलेली पोथी

१

पदव्युत्तर वर्गात जुन्या मराठी गद्याचा पाठ चालू असताना महानुभावांच्या सकळ लिपीचा विषय निघाला, म्हणजे वर्ग एकदम जागा होतो. गुप्त लिपी, अनधिकाऱ्याच्या हाती न दिलेल्या पोथ्या, काळ्या वस्त्रांत आपल्या शिस्तीने वावरणारे साधू व साध्वी, एवढी सामग्री कानी पडली की ऐकणाऱ्याच्या मनात एक कथा आपोआप रचली जाऊ लागते. पुढे त्याच वर्गासमोर लिप्यंतर केलेले पान ठेवावे. त्यात कोण कोणत्या गावाहून आला, त्याने काय विचारले, त्यास काय उत्तर मिळाले, नंतर भोजन कसे झाले, असा मजकूर निघतो, आणि एखादा विद्यार्थी हमखास विचारतो, “एवढेच होते का यात?”

ह्या प्रश्नातील निराशा हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. एका विशिष्ट जातीच्या कादंबरीचा वाचक शेवटच्या प्रकरणात नेमका हाच प्रश्न विचारतो. एकान्तातील, आपले गुपित जपणारी एखादी शाळा किंवा मठ, त्यातील दडविलेले लेखन, त्याभोवतीची कुजबुज आणि अखेरीस झालेला किरकोळ उलगडा, हा त्या कादंबरीचा ठरलेला साचा आहे. वऱ्हाडात ह्या साच्याशी वरकरणी पुष्कळ जुळणारी एक खरी संस्था होऊन गेली. तिच्याविषयी बाहेरच्या लोकांनी शतकानुशतके एक भयकथा सांगितली, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी तिच्या पोथ्या उघडल्या तेव्हा त्या कथेचा आधारच नाहीसा झाला. मात्र कथेने भाषेत उमटविलेला ठसा अद्याप पुसलेला नाही. तो ठसा कसा पडला, हे पाहणे भाषेच्या अभ्यासकाचे काम आहे.

२

प्रथम कादंबरीचा विचार करू. इंग्रजीत जिला गॉथिक कादंबरी म्हणतात तिचा आरंभ होरेस वॉलपोल ह्याच्या ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’ ह्या १७६४ सालच्या कृतीपासून धरण्याचा प्रघात आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस ॲन रॅडक्लिफ हिची ‘द मिस्टरीज ऑफ उडॉल्फो’ (१७९४) आणि मॅथ्यू लुइस ह्याची ‘द मंक’ (१७९६) ह्या कादंबऱ्यांनी तो प्रकार लोकप्रिय केला. जुना कोट, भुयारे, मठ, बंद दालन आणि त्यात अडकलेली नायिका हे त्याचे नित्याचे साहित्य. रॅडक्लिफबाईंची पद्धत अशी की, वाचकास शेकडो पृष्ठे भूतबाधेच्या छायेत ठेवून शेवटी प्रत्येक चमत्काराची लौकिक उपपत्ती द्यावयाची. उडॉल्फोच्या किल्ल्यात काळ्या पडद्यामागे जे पाहून नायिका मूर्च्छित होते, ती अखेरीस मेणाची आकृती ठरते.

ह्या पद्धतीतील दुबळेपणा जेन ऑस्टिनने लवकरच ओळखला. तिच्या ‘नॉर्दँगर ॲबी’ ह्या १८१७ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या कादंबरीत भयकथांच्या वाचनाने भारलेली नायिका वादळी रात्री एका जुन्या कपाटातून कागदांची गुंडाळी काढते. सकाळच्या उजेडात ते कागद धोब्याच्या हिशेबाचे निघतात. पुढे शार्लट ब्राँटीच्या ‘व्हिलेट’मध्ये (१८५३) हा प्रकार प्रत्यक्ष शाळेत येऊन पोहोचला. लेखिका १८४२ ते १८४४ ह्या काळात ब्रुसेल्स येथील एका निवासी कन्याशाळेत प्रथम शिकली व नंतर शिकवू लागली होती. त्या अनुभवावर ही कादंबरी उभी आहे. मादाम बेक ही चालिका पावलांचा आवाज न करता फिरते, शिक्षिकांच्या पेट्या उघडून पाहते. बागेतील जुन्या झाडाखाली एका जोगिणीस जिवंत पुरल्याची आख्यायिका आहे आणि तिचे भूत नायिकेस तीनदा-चारदा दिसते. शेवटी कळते की, एका विद्यार्थिनीला भेटण्यासाठी तिचा प्रियकर जोगिणीचा वेष घेऊन येत होता.

‘व्हिलेट’ ही एकंदरीत श्रेष्ठ कृती आहे, ह्याविषयी दुमत नसावे. परंतु तिच्यातील भूत मात्र निराशा करते. ही निराशा थोडी तपासून पाहिली तर तिची घटना स्पष्ट होते. बंद दाराचे वजन वाचकाच्या कल्पनेने वाढत जाते आणि दारामागची वस्तू मात्र जेवढी असते तेवढीच राहते. म्हणून उलगडा कितीही सुसंगत असला तरी तो तोकडा भासतो. ब्राँटीस हे ठाऊक असावे. तिच्या कादंबरीत खरे दडपण भुताचे नाही. सतत पाळतीखाली जगणाऱ्या, मनातील बोलण्यास कोणी नसलेल्या एका शिक्षिकेच्या एकाकीपणाचे ते आहे. ज्याने भुताकडेच डोळे लावले, तो हे वाचावयाचे चुकला.

३

मराठीत हा प्रकार कोणत्या रूपाने आला? ‘कादंबरी’ हे प्रकारनाम आपण बाणभट्टाच्या एका अद्भुत कथेच्या नावावरून घेतले, ही गोष्ट सूचक आहे. लक्ष्मणशास्त्री हळबे ह्यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि नारो सदाशिव रिसबूड ह्यांची ‘मंजुघोषा’ (१८६८) ह्यांत संकटे, वियोग, दुष्टांचे कट व अकल्पित भेटी ह्यांची रेलचेल आहे. रा. भि. गुंजीकरांच्या ‘मोचनगड’ (१८७१) मध्ये डोंगरी किल्ला आला. काशीनाथ बाळकृष्ण मराठे ह्यांनी १८७२ मध्येच ‘नावल व नाटक’ ह्यांविषयी निबंध लिहून ह्या नव्या प्रकाराची चिकित्सा आरंभिली. परंतु गुपित जपणारी एकान्तातील शाळा ही ह्या कादंबऱ्यांत नाही.

त्याचे कारण सामाजिक आहे. एकोणिसाव्या शतकातील मराठी विद्यार्थी जिल्ह्याच्या गावी शिकावयास जाई तेव्हा नातलगाकडे राही, वार लावून जेवी किंवा माधुकरी मागे. त्याची शाळा गावाच्या मधोमध असे आणि तिची प्रत्येक वार्ता संध्याकाळपर्यंत सर्वांच्या ओसरीवर पोहोचलेली असे. अशा शाळेत भूत राहण्यास जागा नव्हती. ज्ञान निवडक शिष्यांपुरते राखून ठेवणारी, आपल्या दीक्षेची व आपल्या लेखनाची मर्यादा पाळणारी संस्था आपल्याकडे मठाच्या रूपाने होती. वऱ्हाडात तशी संस्था म्हटली की पहिले नाव येते ते महानुभाव पंथाचे, आणि स्थळाचे नाव येते ते रिद्धपूरचे.

४

रिद्धपूर हे अमरावती जिल्ह्यातील मोर्शी तालुक्याचे गाव. तेराव्या शतकात तेथे गोविंदप्रभू, म्हणजेच गुंडम राऊळ, राहत होते. त्यांचे वागणे लौकिकास वेडेपणाचे वाटे; ते मुलांत खेळत, कोणाच्याही घरात शिरत, ज्यांना समाजाने दूर ठेवले त्यांच्या घरीही जात. पंथसंस्थापक चक्रधरस्वामी ह्यांनी त्यांनाच गुरू मानले. चक्रधरांचा संचार गोदावरीकाठी प्रामुख्याने झाला. परंतु वऱ्हाडातील स्थळेही त्यात आहेत. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार व मेहकर, अकोला जिल्ह्यातील आलेगाव ही नावे पंथाच्या वाङ्मयात येतात. मुनिव्यासांच्या ‘स्थानपोथी’मध्ये तर अशा स्थळांची तपशीलवार नोंदच केलेली आहे.

१२७० नंतरच्या दशकात चक्रधरांनी शिष्यांचा निरोप घेतला. तेव्हा नागदेवाचार्यांसह शिष्यपरिवार रिद्धपुरी गोविंदप्रभूंच्या सेवेस राहिला. ह्या वास्तव्यात जे घडले ते मराठी गद्याच्या इतिहासात अपूर्व आहे. नागदेवाचार्य चक्रधरांच्या आठवणी सांगत आणि म्हाइंभट त्या टिपून घेत. पुढे म्हाइंभटांनी ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिले होते त्यांस गाठून आठवणी पडताळल्या व १२७८ च्या सुमारास ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. एकाच प्रसंगाविषयी दोघांच्या आठवणीत अंतर पडले तर ते अंतर नोंदविण्याची दक्षता ह्या परंपरेत दिसते. केशिराजबासांनी त्याच सामग्रीतून चक्रधरांची वचने निवडून ‘सूत्रपाठ’ रचला. महदाइसेचे ‘धवळे’ रिद्धपूरचेच. गोविंदप्रभूंचे चरित्रही म्हाइंभटांनी संकलित केले. एका लहान गावात, एका पिढीच्या अवधीत, चरित्र, सूत्र, दृष्टान्त व गीत असे चार वाङ्मयप्रकार मराठीत उभे राहिले. ह्यास विद्यापीठ म्हणावयाचे नसेल तर त्या शब्दाचा अर्थ पुन्हा तपासावा लागेल.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. ह्या पहिल्या पिढीत गुप्तलेखन नव्हते. उलट, केशिराजबास संस्कृतात रचना करू लागले तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांस अडविले. संस्कृत केले तर पंथातील वृद्ध स्त्रिया त्या ज्ञानास मुकतील, असे त्यांचे कारण होते. ही आठवण ‘स्मृतिस्थळा’त जपलेली आहे. म्हणजे ज्या संस्थेस पुढे गुप्ततेबद्दल नाव ठेवले गेले, तिचा भाषेविषयीचा पहिला निर्णय दार उघडण्याचा होता.

तसेच महानुभाव साधू भिंतीआड राहणारे नव्हते. अटन व भिक्षा हे त्यांच्या आचाराचे दोन मुख्य नियम. वऱ्हाडातील कुणबी-माळी शेतकऱ्याच्या दारी ते नित्य येत, आणि त्यांचे गृहस्थ अनुयायीही पुष्कळसे ह्याच समाजांतून आलेले. झाकलेले होते ते फक्त लेखन. माणसे सर्वांच्या डोळ्यांसमोर हिंडत होती.

५

मग लेखन झाकले गेले ते केव्हा व कसे? परंपरा सकळ लिपीचे कर्तृत्व चौदाव्या शतकाच्या मध्यास होऊन गेलेल्या रवळोबासांकडे देते. म्हणजे ‘लीळाचरित्रा’नंतर सुमारे तीन पाव शतकाने. पुढे सुंदरी, पारिमांडल्य, अंक, शून्य, वज्र अशा अनेक लिप्या निरनिराळ्या शाखांतून प्रचारात आल्या. त्यांत सकळ ही सर्वाधिक रुळली.

कारणांची चर्चा पुष्कळ झाली आहे. देवगिरीचे राज्य बुडाले, धाडींत पोथ्या नष्ट झाल्या आणि त्या स्मरणातून पुन्हा सिद्ध कराव्या लागल्या, अशी पंथाची आठवण आहे. अशा अनुभवातून गेलेल्या समाजास आपले ग्रंथ राखण्याची निकड वाटली असल्यास नवल नाही. दुसरे कारण धार्मिक. जे वचन ईश्वराचे मानले, त्याचा उच्चार अधिकाराविना होऊ नये, ही भावना वेदपाठाच्या परंपरेतही होतीच. तिसरे कारण व्यावहारिक. वर्णभेद व कर्मकांड ह्यांविषयी पंथाची मते प्रस्थापितांना न रुचणारी होती, आणि ती उघड्या अक्षरांत ठेवणे सुखाचे नव्हते. ही तिन्ही कारणे परस्परविरोधी नाहीत. ती एकत्र नांदली असावीत.

आता लिपीच्या रचनेकडे वळू. सकळ लिपी ही आदेशाची लिपी आहे. तीत नागरीतील एका वर्णाच्या जागी ठरलेले दुसरे चिन्ह येते. खालची भाषा मराठीच, शब्दांचा क्रम मराठीचाच, प्रत्ययही जागच्या जागी. अशा लिपीचे कुलूप भाषाशास्त्राच्या दृष्टीने फार अवघड नसते. कोणत्याही भाषेत काही वर्ण वारंवार येतात व काही क्वचित. मराठी गद्यात ‘आ’ची मात्रा, ‘त’, ‘र’, ‘न’ आणि ‘स’ ह्यांची वर्दळ मोठी असते. शब्दान्ती येणारे विभक्तिप्रत्यय व क्रियापदांचे शेवट पुनःपुन्हा तेच ते असतात. एखादे विपुल पान हाती असेल, तर चिन्हांची नुसती गणती करून धीराचा अभ्यासक काही दिवसांत किल्लीपर्यंत पोहोचू शकतो.

पोथ्या परक्याच्या हाती दिल्या जात नसत, हे खरे. त्यामुळे केवळ लिपीच्या बळावर गुपित टिकले असे म्हणता येणार नाही. तथापि, पाच शतकांहून अधिक काळ बाहेरच्या विद्वानांपैकी कोणी ह्या वाङ्मयाचा पाठपुरावा केल्याचे दिसत नाही. कुलूप साधे होते आणि पोथीवाला रोज भिक्षेस दारी येत होता. अशा स्थितीत दार बंद राहिले ह्याचा अर्थ, बाहेरच्या जगाला आत काय आहे हे वाचण्याची फारशी इच्छा नव्हती. वाचण्याऐवजी त्याने कथा सांगणे पसंत केले.

६

ती कथा काय होती? तिची अनेक रूपे आहेत. एका रूपात जादूची टोपी आहे. ती घातली की घालणारा कृष्णासारखा दिसे आणि लोक भुलत. दुसऱ्या रूपात पैठणचा कोणी कृष्णभट्ट एका मांग स्त्रीस ठेवतो, जातिबहिष्कृत होतो, आणि त्याच्या चार मुलांस ‘मांगभाऊ’ म्हणतात; त्यावरून ‘मानभाव’. ही व्युत्पत्ती एकोणिसाव्या शतकातील वऱ्हाडातील इंग्रज अधिकाऱ्यांच्या नोंदींत आली आणि तेथून रसेल व हिरालाल ह्यांच्या मध्यप्रांतातील जातिजमातींवरील १९१६ च्या ग्रंथात उतरली. तेथे ती पंथाच्या विरोधकांची कथा म्हणूनच दिलेली आहे, हे न्यायाने सांगितले पाहिजे.

ह्या व्युत्पत्तीची परीक्षा करू. ‘महानुभाव’ ह्या शब्दातील दुसरे अक्षर ‘हा’. मकारानंतरचा स्वर लोपून ‘म्ह’ होणे हे मराठीस नवे नाही. ‘महिष’पासून ‘म्हैस’ तसाच झाला. पुढे ह्या ‘म्ह’मधील हकार गळणे वऱ्हाडी बोलीत नित्याचे आहे. ‘म्हातारी’ची ‘मातारी’ आणि ‘म्हणते’चे ‘मनते’ अमरावती-अकोल्याच्या कोणत्याही बाजारात ऐकू येते. मधल्या ‘नु’मधील आघातहीन ऱ्हस्व उकार अकारात जिरणे हेही परिचयाचेच, ‘माणूस’चे सामान्यरूप ‘माणसा’ होते, ते ह्याच प्रवृत्तीने. म्हणून महानुभाव, म्हानुभाव, मानुभाव, मानभाव ही साखळी प्रत्येक पायरीस नियमाने जुळते. उलट ‘मांगभाऊ’पासून निघावयाचे तर ‘ग’ लोपावा आणि कंठ्य अनुनासिकाच्या जागी स्वच्छ दन्त्य ‘न’ यावा, असे दोन अपवाद एकाच शब्दात गृहीत धरावे लागतात. नियमित वाट समोर असता आडवाटेने जाण्याचे कारण भाषेत सापडत नाही. ते समाजात शोधावे लागते.

ही व्युत्पत्ती खोडताना एक पथ्य पाळले पाहिजे. तिचा डंख ‘मांग’ हे नाव हीनतेचे आहे ह्या समजुतीवर अवलंबून आहे. खंडन करणाराही ‘छे, ते मांगांचे वंशज नव्हेत’ एवढेच म्हणून समाधान मानील, तर तो त्या समजुतीस नकळत संमती देईल. ज्या गोविंदप्रभूंनी कोणतेही दार वर्ज्य मानले नाही, त्यांच्या पंथाची बाजू मांडताना तरी ही चूक होऊ नये.

शब्दाच्या अर्थाचा प्रवास ह्याहून अधिक बोलका आहे. ‘महानुभाव’ म्हणजे थोर अनुभव किंवा तेज असलेला, हा आदराचा शब्द. तो पंथाचे नाव झाला. मग पंथनामाचे बोलीतील रूप ‘मानभाव’ हे वरून साळसूद व आतून कपटी अशा माणसाचे विशेषण झाले. ‘करणी कसाबाची, बोलणी मानभावाची’ ही म्हण तयार झाली. ‘मानभावी’ व ‘मानभावीपणा’ हे शब्द तर आज पंथाचे नावही न ऐकलेले लोक सहज वापरतात. असा अपकर्ष इतरत्रही घडला आहे. अशोकाच्या लेखांत ‘पासंड’ हा शब्द कोणत्याही धर्मपंथास लावलेला आहे. आज ‘पाखंडी’ म्हणजे काय ते सांगावयास नको. इंग्रजीत ‘जेझुइट’ ह्या संघनामास कपटीपणाचा अर्थ चिकटला. जो समूह आपले काही झाकून ठेवतो, त्याच्या नावावर बाहेरचे लोक आपला संशय लिहून ठेवतात. आणि संशय विसरला गेला तरी शब्द चालत राहतो.

अशा कथांची किंमत केवळ शब्दांत मोजावी लागत नाही, हे अमेरिकेतील एका घटनेवरून दिसते. मॅसॅच्युसेट्समधील चार्ल्सटाउन येथे उर्सुलाइन जोगिणींचा मठ होता व त्यास जोडून मुलींची निवासी शाळा होती. मठात मुलींस कोंडून छळतात अशी कुजबुज पसरली आणि ११ ऑगस्ट १८३४ च्या रात्री जमावाने ती वास्तू जाळली. शाळेत शिकणाऱ्या मुली बहुतांशी प्रॉटेस्टंट कुटुंबांतील होत्या. म्हणजे जाळणाऱ्यांच्या शेजाऱ्यांच्या घरी त्या शाळेची खरी माहिती सहज मिळाली असती. पुढच्याच वर्षी त्या मठातून बाहेर पडलेल्या रिबेका रीड हिच्या नावाने एक पुस्तक आले. १८३६ मध्ये माँट्रिऑलच्या मठाविषयी मरिआ मंक हिच्या नावाचे त्याहून भडक पुस्तक निघाले व तडाख्याने खपले. विल्यम स्टोन ह्या प्रॉटेस्टंट संपादकाने स्वतः तो मठ हिंडून पाहिला, तेव्हा पुस्तकातील वर्णन वास्तूशी जुळेना. गॉथिक कादंबरीचा साचा येथे साक्षीपुराव्याच्या जागी येऊन बसला होता. वऱ्हाडात कोणी मठ जाळल्याचे उदाहरण प्रस्तुत लेखात द्यावयाचे नाही; परंतु जो साचा तेथे आग लावू शकला, त्याच साच्याने येथे एका आदरवाचक शब्दाची शिवी केली.

७

विसाव्या शतकाच्या आरंभी दार उघडले. वि. का. राजवाडे ह्यांनी गुप्त लिपीच्या उलगड्याकडे विद्वानांचे लक्ष वेधले, वि. ल. भावे ह्यांनी ‘महाराष्ट्र सारस्वता’च्या १९१९ च्या वाढविलेल्या आवृत्तीत ह्या वाङ्मयास स्थान दिले. ह्या कामी पंथातील काही महंतांनी आपण होऊन साहाय्य केले, ही गोष्ट विसरली जाऊ नये. यवतमाळचे य. खु. देशपांडे ह्यांचे ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ १९२५ मध्ये आले. ह. ना. नेने ह्यांनी १९३६ पासून ‘लीळाचरित्र’ भागशः छापले, शं. गो. तुळपुळे ह्यांची आवृत्ती १९६० नंतरच्या दशकात आणि बुलढाणा जिल्ह्यातील नरवेलचे सुपुत्र वि. भि. कोलते ह्यांची एकत्रित आवृत्ती १९७८ मध्ये निघाली. रेसाइड ह्यांची महानुभाव ग्रंथांची सूची १९६० ची, आणि ॲन फेल्डहाउस ह्यांनी केलेले गोविंदप्रभूंच्या चरित्राचे इंग्रजी भाषांतर १९८४ चे.

ह्या साऱ्यांतून बाहेर काय आले? जादूची टोपी आली नाही. माणसे आली: वाट चुकलेली, भुकेली, शंका विचारणारी, रुसणारी, गुरूच्या वियोगाने रडणारी. तेराव्या शतकातील मराठी माणूस काय खात होता, पाहुण्यास कसे संबोधीत होता, स्त्री पुरुषाशी कोणत्या शब्दांत वाद घालीत होती, हे सांगणारे एवढे विस्तृत गद्य त्या काळचे दुसरे नाही. राजांचे शिलालेख दानाची भाषा देतात, काव्यग्रंथ अलंकारांची देतात. बोलण्याची भाषा मिळते ती येथे. “एवढेच होते का यात?” ह्या प्रश्नाचे उत्तर असे की, होय, एवढेच होते, पण एवढे दुसरीकडे कोठेच नव्हते.

तरीही अभ्यासकाने दुसऱ्या टोकास जाऊ नये. गुप्त लिपीत राहिले म्हणून तेराव्या शतकाची भाषा जशीच्या तशी टिकली, असे म्हणणे हेही एक नवे गूढ निर्माण करणे आहे. उपलब्ध पोथ्या मूळ रचनेनंतर कित्येक शतकांच्या आहेत, त्यांत पाठभेद विपुल आहेत, आणि ग्रंथ एकदा नष्ट होऊन स्मरणातून उभा राहिला असे परंपराच सांगते. एकनाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला तो ह्याच कारणाने. लोकांच्या मुखी व लेखकांच्या हाती असलेला ग्रंथ बदलतोच.

परंतु सकळ लिपी येथे एक साधन पुरविते आणि त्याकडे तरुण संशोधकांनी लक्ष द्यावे असे वाटते. नागरीतून नागरीत नक्कल करणारा लेखक चुकतो तो नागरीत सारख्या दिसणाऱ्या अक्षरांत, किंवा ओळखीच्या शब्दाची जुनी रूपे नकळत नवी करून. सकळ लिपीत लिहिणारा चुकतो तो त्या लिपीत सारख्या दिसणाऱ्या चिन्हांत. म्हणून एखाद्या नागरी पोथीत, नागरी अक्षरांच्या साम्याने जे समजत नाहीत पण सकळ चिन्हांच्या साम्याने समजतात असे चुकीचे पाठ सापडले, तर तिची आई सकळ लिपीतील पोथी होती असे अनुमान करता येते. अशा चुकांची पद्धतशीर सारणी झाली, तर पोथ्यांची वंशावळ आज आहे त्याहून पुष्कळ निश्चित होईल. काम रुक्ष आहे, त्यात भूत नाही. पण त्यातून जे हाती लागेल ते टिकेल.

८

चर्चेचे तात्पर्य थोडक्यात असे. एकान्तातील गूढ संस्थेची कादंबरी निराशा करते, कारण ती वाचकास दारामागच्या वस्तूची आस लावते आणि दाराबाहेर उभे असलेल्यांकडे पाहू देत नाही. रिद्धपूरच्या इतिहासात भयाचा जो अंश आहे तो पोथीत सापडला नाही; तो पोथीविषयी बोलणाऱ्यांच्या बोलण्यात सापडला. म्हणून बंद संस्थेचा इतिहास लिहिताना दोन दप्तरे तपासावी लागतात: एक आतल्यांनी जपलेल्या लेखनाचे, दुसरे बाहेरच्यांनी रचलेल्या कथेचे. पहिले उघडल्याने दुसरे आपोआप रद्द होत नाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या मागणीच्या समर्थनात ‘लीळाचरित्रा’चा आधार मानाने दिला जात होता. मराठी भाषेचे विद्यापीठही ह्याच दशकात रिद्धपुरी स्थापन झाले. ज्या गावच्या शिष्यपरिवाराने वृद्ध स्त्रियांसाठी मराठीचा आग्रह धरला, तेथे हे घडावे हे उचितच आहे. परंतु त्याच भाषेत ‘मानभावी’ हा शब्द अजून त्याच अर्थाने चालतो. शब्द हुकुमाने बदलत नाहीत आणि कोशातून काढून टाकणे हा उपायही नव्हे. कोशाने प्रचलित अर्थ दिलाच पाहिजे. मात्र त्या अर्थापुढे ‘महानुभाव’ ही व्युत्पत्ती आणि तो अर्थ कसा पडला ह्याची एक ओळ असावी. पुढच्या वर्गात एखाद्या विद्यार्थ्याने हा शब्द सहज उच्चारला, तर शिक्षकाने तेथे क्षणभर थांबावे आणि सकळ लिपीतील ते पान त्याच्यापुढे ठेवावे.